दुसऱ्या आणि चौथ्या रविवारचा पिक्चर

लग्नाच्या सात वर्षांत भुजंगनं बायकोला एकही पिक्चर दाखवला नाही, आणि फारकतीनंतरच्या साडेचार वर्षांत पोरीला शंभराच्या वर दाखवले.

पालमला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरवरची मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलच्या मागं बांधून आणायचे. भुजंग ती उघडायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वार्निश करून वाळवायचा. हात चांगला होता. त्यानं भरलेली मोटार चार-चार हंगाम जळायची नाही. तोंड मात्र बंद. गिऱ्हाइकानं दहा वाक्यं बोलावीत तेव्हा हा एक बोलायचा, "गुरुवारी या."

राजेश्री परभणीची, डी.एड. झालेली, बोलकी. रांगेतल्या अनोळखी बाईशीसुद्धा पाच मिनिटांत ओळख काढणारी. सात वर्षं तिनं काढली. मग एक दिवस म्हणाली, "या घरात मला भिंतीशी बोलावं लागतं," आणि सहा वर्षांच्या निकिताला घेऊन माहेरी निघून गेली. लोकांनी भुजंगला विचारलं, दारू न्हाई, मारझोड न्हाई, बाईचा नाद न्हाई, मग फारकत कशाची? भुजंगलाही सांगता येत नव्हतं. राजेश्रीच्या अर्जात एक ओळ होती, की नवरा मला एकदाही सिनेमाला, जत्रेला किंवा माहेरच्या कार्याला घेऊन गेला नाही. ती ओळ त्यानं आपले वकील व्यंकटराव यांना बोट ठेवून दाखवली होती.

"पिक्चर दाखवला न्हाई म्हणून कुणी नवरा सोडते का, वकीलसाहेब?"

व्यंकटराव हसले होते. तोही हसला होता. घरी येऊन त्यानं हेच आईला सांगितलं तेव्हा सुमनबाई मात्र हसली नाही. "नेलं असतंस एक-दोन डाव तर काय बिघडलं असतं?" एवढं म्हणून ती शेंगा फोडत बसली.

कोर्टानं ठरवून दिलं. पोरगी आईकडं राहील. बापानं दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, परभणी शहरातच तिला भेटावं.

पहिला रविवार ऑक्टोबरातला होता. पालमहून सकाळच्या बसनं निघालेला भुजंग अकराच्या आधीच राजेश्रीच्या माहेरच्या गेटसमोर जाऊन उभा राहिला. निकिता बाहेर आली. सात वर्षांची, गळ्यात पाण्याची बाटली, डोक्याला तेल चोपडलेलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि बाटलीचं झाकण उघडझाक करत बसली. दोघं चालायला लागले. कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस झाला. मारुतीचं दर्शन झालं. बागेपर्यंत गेले तर बाग चारला उघडणार होती. घड्याळात बारा वाजून गेले होते. अजून पाच तास. आपल्या पोरीसोबत आपण कधी सलग एक तास तरी घालवला होता का, हे त्याला आठवेना. घरी असताना ती त्याच्या आसपास असायची, दुकानाच्या पायरीवर खेळायची, आई तिला जेवायला बोलवायची. सोबत राहणं म्हणजे तेवढंच, असं त्याला वाटायचं.

"पप्पा, पाय भाजायलेत," निकिता म्हणाली.

समोर नवीन टॉकीज होती. बाहेर पाटी, आत थंड हवा. भुजंगनं दोन तिकिटं काढली.

एका म्हाताऱ्या उंटाचं कार्टून होतं. तो उंट वाळवंट सोडून शहरात येतो, ट्रॅफिकमध्ये अडकतो, चिंगम खाऊन त्याचे दात चिकटतात. निकिता खुर्चीवर गुडघे घेऊन बसली आणि अशी खदखदा हसायला लागली की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. उंट पोलिसांच्या तावडीत सापडला तेव्हा तिनं अंधारात भुजंगचं बोट धरलं. ते बोट त्यानं शेवटपर्यंत हलवलं नाही. मुंग्या आल्या तरी नाही. बाहेर आले तेव्हा तीन वाजून गेले होते. मग वडापाव, मग बाग, मग पाच. परतीच्या बसमध्ये गंगाखेडच्या पुलावर गोदावरीचं वारं लागलं आणि भुजंगला वाटलं, सापडलं. चार-चार तास डोकं खाजवून मोटारीतली जळकी जागा हाताला लागावी तसं त्याला वाटलं. काही बोलायचं नव्हतं, काही विचारायचं नव्हतं, आणि लेकरू हसत होतं.

तिथून पुढं दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी पिक्चर ठरलेला.

सुरुवातीला तो अर्ध्यातच झोपायचा. पहाटे उठून बस पकडलेली असायची, आत गार असायचं. बाहेर पडल्यावर निकिता विचारायची, "पप्पा, तो लंगडा माणूस शेवटी चांगला निघाला ना?" आणि भुजंगला कोणता लंगडा ते कळायचं नाही. एक-दोनदा ती हसली, तिसऱ्यांदा हसली नाही. मग भुजंगनं अभ्यास सुरू केला. दुकानात मोटार वाळत असली की मोबाईल व्हाइसच्या लोखंडी पकडीला टेकवून तो पिक्चर बघायला लागला. जन्मात जे पिक्चर बघितले नव्हते ते सगळे. शाळेत असताना गावातली पोरं ज्यांची गाणी म्हणायची ते, लग्न झालं त्या वर्षी राजेश्री ज्यांच्या जाहिराती बघत उभी राहायची ते, काल-परवा आलेले. कोणता हिरो कुणाचा पोरगा, कोणत्या पिक्चरचा दुसरा भाग कधी येणार, हे त्याला पाठ झालं. शेजारचा टायरवाला पप्पू म्हणायचा, "भुजंगभाऊ, म्हातारपणी नाद लागला का काय?" भुजंग म्हणायचा, "अभ्यास हाय."

बघता बघता त्याची मतंही व्हायला लागली. पिक्चरमधल्या बापांचा त्याला राग यायचा. हे बाप पहिल्या अर्ध्यात कुठंतरी मोठ्या ऑफिसात बसलेले असायचे, पोरांच्या वाढदिवसाला यायचे नाहीत, आणि शेवटच्या दहा मिनिटांत धावत येऊन एक लांबलचक वाक्य बोलायचे. पोरगी रडत गळ्यात पडायची. भुजंगला वाटायचं, यांचं बरं आहे. यांना एकदाच बोलायचं असतं, आणि तेही कुणीतरी लिहून दिलेलं असतं. महिन्यातून दोनदा बसचे धक्के खात येऊन सहा तास काढायचे असते तर कळलं असतं. तो या बापांना नावं ठेवायचा आणि तरी त्यांचं ते शेवटचं वाक्य कान देऊन ऐकायचा. एखादं वाक्य बसमध्ये मनातल्या मनात म्हणूनही बघायचा. पालम येईपर्यंत ते त्याच्या तोंडात बसायचं नाही.

निकिता वाढत होती. दर पंधरा दिवसांनी बघितली की कळायचं, बाही आखूड झालेली असायची. समोरचे दात पडले, नवे आले. ती इंटरव्हलमध्ये बोलायची. इंटरव्हल म्हणजे दहा मिनिटं. त्यात पाच मिनिटं भुजंग मक्याच्या लाह्यांच्या रांगेत उभा असायचा. उरलेल्या पाचात ती सांगायला लागायची, "पप्पा, आमच्या वर्गात भक्ती म्हणून एक मुलगी आहे, तिनं ना माझी वही..." आणि दिवे जायचे.

"नंतर सांग," भुजंग म्हणायचा. "सुरू झाला."

नंतर तो विसरायचा. तीही पुन्हा काढायची नाही.

ती नऊ वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, "आपण आज पालमला जायचं का? मला आपलं दुकान पुन्हा बघायचंय. तुम्ही तार कशी भरता ते."

"कोर्टानं परभणीतच भेटा म्हणलंय."

"मम्मीला विचारू. ती नाही म्हणणार नाही."

भुजंग घुटमळला. दुकानाच्या मागच्या दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची आई. पत्रे तापलेले, मोरीला दार नाही, पडदा. राजेश्रीच्या माहेरचा स्लॅबचा बंगला त्याच्या डोळ्यांसमोर आला. "काय बघायचंय त्यात," तो म्हणाला. "काळे हात आन् वार्निशचा वास. चल, आज तो भुताचा लागलाय."

भुताच्या पिक्चरला तिनं कानात कापूस घातला होता. भुजंगला दिसला होता. त्याला वाटलं कान दुखत असेल. "दवाखान्यात दाखवलं का?" त्यानं विचारलं. "दाखवलं," ती म्हणाली. पुढच्या रविवारीही कापूस होता, त्याच्या पुढच्याही. मग तो त्याला दिसेनासा झाला, चष्मा दिसेनासा होतो तसा. तिकिटं काढताना ती हल्ली विचारायची, "किती वेळाचा आहे?" आणि भुजंग खुशीत सांगायचा, "मोठा हाय, पावणेतीन तासाचा."

यंदा फेब्रुवारीत कोर्टाचा कागद आला. राजेश्रीला पुण्यातल्या एका शाळेत नोकरी लागली होती. जूनपासून निकिताला तिकडं न्यायचं होतं. महिन्यातून दोनदाच्या भेटी जमणार नाहीत, त्याऐवजी रविवारी फोनवर बघून बोलावं आणि सुट्टीत काही दिवस मुलीला बापाकडं पाठवावं, असा तिचा अर्ज होता.

भुजंग व्यंकटरावांकडं गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो भरभर बोलला.

"न्हाई जाऊ द्यायचं. लेकराला इचारा म्हणावं जजसाहेबाला. साडेचार वर्षं एक रविवार चुकवला न्हाई मी. ताप होता तरी आलो. एसटीचा संप होता तवा जीपच्या टपावर बसून आलो. पोरगी वाट बघती माझी."

"मुलीला विचारतीलच," व्यंकटराव म्हणाले. "बारा वर्षांची होत आली. समुपदेशक मॅडम बोलतील तिच्याशी. तिनं सांगितलं की मला पप्पांना भेटायचंय, आत्तासारखंच भेटायचंय, तर आपली बाजू भक्कम."

"सांगते की. काय न सांगायला झालं."

समुपदेशक सुकेशनी मॅडम मध्यमवयीन, हळू आवाजाच्या. मेच्या पहिल्या आठवड्यात निकिताशी त्या दोनदा बोलल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भुजंगला एकट्याला आत बोलावलं. खोलीत एक टेबल, भिंतीला हसऱ्या फुलांची चित्रं, कोपऱ्यात कुणाच्या तरी पोराचा विसरलेला एक बूट.

"निकिताला तुमच्याबद्दल माया आहे," मॅडमनी सुरुवात केली. "ती म्हणाली, पप्पा कधी रागवत नाहीत. कधी चुकवत नाहीत."

भुजंगनं मान हलवली. त्याला हे माहीतच होतं.

"तुम्ही दोघं भेटता तेव्हा काय करता?"

"पिक्चर बघतो. लय आवडतात तिला. लहानपणापासून."

मॅडमनी समोरचा कागद बाजूला ठेवला. "दादा, ती म्हणाली की तिला टॉकीजमध्ये त्रास होतो. मोठा आवाज तिला सहन होत नाही. डोकं दुखतं. दोन-तीन वर्षं झाली. घरी गेली की ती झोपून राहते त्या दिवशी."

"कोण म्हणलं?"

"तीच म्हणाली."

"तिच्या आईनं शिकवलं आसंल."

"मी आईला बाहेर बसवून विचारलं होतं." मॅडमचा आवाज चढला नाही. "मी तिला म्हटलं, मग सांगितलं का नाहीस पप्पांना? तर म्हणाली, पिक्चरला नाही गेलो तर आम्ही काय करणार? आम्हाला बोलता येत नाही."

भुजंग टेबलाच्या कडेला बघत राहिला. कडेचा सनमायका उचकटला होता. त्याला वाटलं, चिकटवला तर बसेल.

"हे मी तुम्हाला दुखवायला सांगत नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. तिच्याशी बोला."

बाहेर व्हरांड्यात राजेश्री बाकावर बसली होती. साडेचार वर्षांत भुजंग तिच्याशी गेटवर दोन-दोन शब्दांपलीकडं बोलला नव्हता. आज तो सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

तिला काय ते लगेच कळलं. "होतं."

"मंग मला सांगायला काय झालं होतं? साडेचार वर्षं येडं बनवलं मला मायलेकींनी."

"तिनं मला शपथ घातली होती. पप्पांना वाईट वाटेल म्हणाली." राजेश्रीनं पर्स मांडीवर घट्ट धरली. "कानात कापूस मी घालून द्यायचे. डोकं दुखायची गोळी बाटलीसोबत मी द्यायचे. तुम्हाला दिसत नव्हता का कापूस?"

"दिसत होता."

"मग?"

ती पुढं बोलली, आणि बोलताना तिचा आवाज फाटला. "मी सात वर्षं म्हणत होते, एकदा पिक्चरला चला. तुम्ही एकदा आला असता तर मी जन्मभर सांगत बसले असते. आणि तिला नको होता तर तिला शंभर दाखवले. माणसाला काय पाहिजे ते विचारावं लागतं, हे कधी कळणार तुम्हाला?"

"तू शिकवू नकोस मला."

"नाही शिकवत," ती म्हणाली आणि उठून गेली.

अर्जाला भुजंगनं विरोध केला नाही. व्यंकटरावांनी समजावून पाहिलं, थोडं ताणून धरू म्हणाले. भुजंग म्हणाला, "सही कुठं करायची ते दाखवा."

मेचा दुसरा रविवार शेवटचा होता, चौथ्याच्या आधीच मायलेकी पुण्याला निघणार होत्या. भुजंगनं ठरवलं होतं, आज पिक्चर नाही. आज बोलायचं. बसमध्ये त्यानं मनाशी प्रश्न जुळवले. कोणता विषय आवडतो. मैत्रिणी कोण. पुण्याची भीती वाटते का. गंगाखेडपर्यंत सहा-सात झाले.

एका स्वच्छ हॉटेलात ते बसले. पंखा होता, गर्दी नव्हती. निकिता आता त्याच्या खांद्याला लागत होती. तिनं कानात कापूस घातला नव्हता. भुजंगनं डोसा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"विषय कोणता आवडतो तुला?"

"इतिहास."

"मैत्रिणी किती हायेत?"

"चार-पाच."

"पुण्याची भीती वाटती का?"

"नाही. थोडीशी."

प्रश्न संपत चालले. डोसा अजून आला नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबासारखं आपण बोलतोय, हे त्याला कळत होतं. तीही कळल्यासारखी नीट बसून उत्तरं देत होती. शेवटी त्यानं जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं.

"तुला पिक्चर आवडत नव्हते तर सांगितलं कामून न्हाई?"

निकितानं ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर एक रेघ ओढली. "पहिले आवडायचे."

"मंग पुढं?"

"तिथं तुम्ही हसायचे, पप्पा." ती रेघ लांबवत म्हणाली. "मम्मी म्हणायची, तुम्ही कधीच हसत नाही. आजी-आजोबा पण म्हणायचे. मी रोज सांगायचे त्यांना, हसतात, माझ्यासोबत हसतात. मला वाटायचं मी नाही म्हटलं तर ते बंद होईल."

आता बोलायची वेळ होती. शंभर पिक्चरांत भुजंगनं बापांना या जागेवर बोलताना ऐकलं होतं. त्याला लेकराची माया आली. पण त्या मायेसोबत आणखी काहीतरी वर आलं. एवढंसं लेकरू आपल्याला दोन-तीन वर्षं सांभाळून घेत होतं. आपल्यावर दया करत होतं. कोर्टातल्या बाईला ते माहीत, बायकोला माहीत, सासू-सासऱ्यांना माहीत, आणि आपण जीपच्या टपावर बसून खुशीत येत होतो. ही लाज रागाच्या वाटेनं बाहेर पडली.

"बरं झालं मंग," तो म्हणाला. "सुटलीस आता. जा पुण्याला. डोकं दुखायचं न्हाई तिथं."

निकितानं वर बघितलं. तिचे डोळे मोठे झाले, भरले, पण तिनं ते सांडू दिले नाहीत. तो डोळे भरू देऊन थांबवायचा प्रकार त्याचाच होता. सुमनबाई नेहमी म्हणायची, तू रडतसुद्धा न्हाईस धड.

डोसे आले. तिनं अर्धा खाल्ला. भुजंगनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चटणी पुढं सरकवली. थोड्या वेळानं तिनंच, आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "पप्पा, अजून बाराच वाजलेत. पिक्चर बघायचा का? आज डोकं नाही दुखत."

त्या क्षणी तिला जवळ घेतलं असतं तरी चाललं असतं. काही न बोलता घेतलं असतं तरी. भुजंगनं हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाला, "नको. ऊन लय हाय. सोडतो तुला घरी."

पाचला पोचवायचं होतं, त्यानं साडेबारालाच गेटवर सोडलं. राजेश्री घरात नव्हती, बांधाबांधीसाठी दोर आणायला बाजारात गेली होती. निकिताच्या आजीनं दार उघडलं आणि त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला. वळून बघितलं तेव्हा निकिता अजून दारातच उभी होती. त्यानं हात केला. तिनंही केला.

पालमला पोचल्यावर त्यानं आईला काही सांगितलं नाही. दुकान उघडलं आणि दिवेलागणीपर्यंत एका मोटारीची तार उपसत बसला.

फोन सुरू झाले. दर रविवारी अकराला. पुण्याच्या खोलीची पांढरी भिंत आणि तिच्यापुढं निकिताचा चेहरा. जेवलीस का, जेवले. अभ्यास, चालू आहे. पाऊस, आहे. चार मिनिटांत दोघांचं संपायचं. मग ती म्हणायची, "आजीला द्या ना." सुमनबाईला मोबाईल धरता यायचा नाही, पडद्यावर तिचं कपाळच दिसायचं, पण दोघींचं अर्धा-अर्धा तास चालायचं. भुजंग तेवढ्या वेळात बाहेर येऊन दुकानात बसायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ती चार दिवसांसाठी पालमला आली. कोर्टानं सांगितलं होतं म्हणून आली, असं भुजंगला वाटलं. ती आजीच्या मागं मागं फिरली. तिच्यासोबत चकल्या पाडल्या, शेजारच्या सुलाबाईकडं दूध आणायला गेली, आजीच्या पायांना तेल लावलं. दुपारी दोघी मागच्या खोलीत आडव्या व्हायच्या आणि मधल्या पत्र्यातून त्यांचं बोलणं दुकानात झिरपायचं. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा. मधूनच हसणं यायचं. भुजंग तेव्हा ग्राइंडर बंद ठेवायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, आज काम बंद का?" तो म्हणायचा, "लाइट न्हाई." वर पंखा फिरत असायचा.

ती दुकानात एकदाच आली, पाण्याचा तांब्या घेऊन. जमिनीवर पसरलेल्या तारांच्या वेटोळ्यांकडं बघत क्षणभर थांबली. भुजंगला वाटलं विचारेल. तिला वाटलं असेल हा सांगेल. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि तो पुढं जाताच आत निघून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी राजेश्री तिला न्यायला आली. पुण्याच्या बसला वेळ होता. निकितानं आजीच्या गळ्यात पडून निरोप घेतला. भुजंगच्या ती पाया पडली.

"पुण्याला या कधीतरी, पप्पा."

"बघू," तो म्हणाला.

बस गेली. दुपारी तो जेवायला बसला. सुमनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"काय म्हणत होती?" भुजंगनं ताटाकडं बघत विचारलं.

"कोण?"

"निकिता. एवढं काय बोलायल्या होत्या चार दिवस?"

सुमनबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "तुलाच का न्हाई सांगितलं तिनं?"

तो ताटातलं मीठ बोटानं सारत राहिला. तिलाही मग त्याची कीव आली असावी. ती सांगायला लागली. पोरीला पुण्यात करमत नाही. वर्गातली पोरं तिच्या बोलण्याला हसतात, जायलेत-करायलेत म्हणती म्हणून. आता ती शाळेत फार बोलतच नाही. एक मैत्रीण झाली आहे, ईश्वरी नावाची, तिला ऐकू कमी येतं, तर दोघी खुणांनी बोलतात, त्याचं तिला बरं वाटतं. तिला किल्ले बघायचेत. कारलं आवडायला लागलंय. महिन्यापूर्वी पाळी आली, मोठी झाली, तवा आईजवळ लय रडली.

भुजंगचा घास हातात राहिला. यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. दर रविवारी ती पांढऱ्या भिंतीपुढं बसून बरी आहे म्हणत होती आणि तो बरं म्हणत होता.

"अजून?" तो म्हणाला.

सुमनबाईनं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि पदरानं कपाळ पुसलं. "सगळं मलाच इचारतो का आता," ती म्हणाली. पण तो खाली मान घालून, लहान पोरासारखा थांबून राहिला होता, म्हणून तिनं पुढची भाकरी थापायला घेतली आणि आठवून आठवून सांगत राहिली.